त्र्यंबकच्या जुन्या वाड्यात मुक्काम आणि भोवतीचे डोंगर : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

त्र्यंबकेश्वरला राहायचं म्हटलं की नवखा माणूस मोबाइलवर लॉज शोधायला लागतो. या गावात मुक्कामाची त्याहून फार जुनी सोय आहे, ती म्हणजे तीर्थोपाध्यायांचे, म्हणजे इथे विधी सांगणाऱ्या गुरुजींचे वाडे. देशभरातून विधी करवून घ्यायला येणारे यजमान पिढ्यानपिढ्या आपापल्या गुरुजींच्या घरीच उतरत आलेत. त्यासाठी वाड्याच्या माडीवर नाहीतर मागच्या चौकाभोवती खोल्या असतात आणि जेवण घरच्याच स्वयंपाकघरातून येतं. विधी नसेल आणि खोली रिकामी असेल, तर काही घरं डोंगर चढायला आलेल्यांनाही ठेवून घेतात. ब्रह्मगिरीचा पायथा इथून चालत गाठता येतो. हरिहर आणि अंजनेरी हे किल्ले गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर आहेत.

निघण्याआधी एक ध्यानात घ्या. वाड्याचं घड्याळ पूजेवर चालतं आणि डोंगराचं उन्हावर. पहाटे दोन्हींचं छान जमतं, कारण घर साडेचारलाच जागं झालेलं असतं आणि गड चढणाऱ्यालाही तेव्हाच निघायचं असतं. घोटाळा होतो दुपारी. पंगत साडेबाराला बसते आणि पाहुणे अडीचला गडावरून उतरतात. सहलीची आखणी करताना सगळी कसरत याच एका जागी आहे. बाकीचं सोपं आहे.

कधी जावं, कधी टाळावं

तारीख ठरवण्याआधी पंचांग उघडा. नारायण नागबली तीन दिवसांचा विधी आहे, त्यामुळे त्याच्या मुहूर्तांना खोल्या तीन-तीन रात्री यजमानांसाठी अडकलेल्या असतात. कालसर्प आणि त्रिपिंडी श्राद्ध एका दिवसाचे, पण त्यांचे यजमानही आदल्या रात्री येऊन पडतात. पितृपक्षात विचारण्यातच अर्थ नाही. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि पौष वद्य एकादशीची निवृत्तिनाथांची यात्रा या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी निघते आणि आदल्या रात्रीपासून माणसांचा लोंढा चालू होतो. फेरीच करायची असेल तर गोष्ट वेगळी. शांतपणे गड बघायचा असेल तर तो आठवडा सोडा. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याची पर्वस्नानं आहेत, तेव्हा वाड्यात जागेची अपेक्षाच ठेवू नका.

डोंगरासाठी सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाऊस सरता सरता सोनकीने उतार पिवळे झालेले असतात, पाणी वाहतं असतं आणि वाटा वाळायला लागलेल्या असतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर कातळ भाजून काढतो. तरी पहाटे निघून दहाच्या आत उतरणाऱ्याला करवंदं-जांभळं खात हे दिवसही चालतात. पावसाळ्याबद्दल पुढे वेगळं सांगितलं आहे.

आठवड्यात मंगळवार ते गुरुवार उत्तम. सोमवारी देवाची पालखी कुशावर्ताच्या कुंडावर जाते, ती बघायची असेल तर रविवारी रात्री मुक्काम करून सोमवारचा दिवस गावातच घालवावा.

फोनवर काय बोलायचं

बहुतेक वाड्यांची नोंदणी फोनवरच होते. इंटरनेटवर ‘त्र्यंबकेश्वर रूम’ म्हणून येणाऱ्या अनोळखी क्रमांकावर पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. फोटो भलत्याच इमारतीचे आणि पावती कुणाचीच नाही, असे फसवणुकीचे प्रकार सगळ्याच तीर्थक्षेत्री चालतात. ओळखीतून क्रमांक मिळवा. आपल्या गावातल्या कुणीतरी इथे विधी केलेला असतोच, त्यांच्या गुरुजींना फोन लावा. सकाळी करू नका, ते विधीत असतात. दुपारी चार ते सात ही वेळ बरी.

पहिल्याच वाक्यात सांगून टाका : ‘गुरुजी, विधी करायचा नाही, दोन रात्री राहून ब्रह्मगिरी-हरिहर करायचा आहे, जमेल का?’ हे आडपडद्याने सांगितलं तर घोळ होतो. ते तुम्हाला यजमान समजून सामग्रीची यादी करायला लागतात. मग पुढचे प्रश्न :

- खोली जुन्या वाड्यात आहे की मागे बांधलेल्या नव्या इमारतीत? बऱ्याच घरांनी मागच्या बाजूला आरसीसी खोल्या काढल्यात. लाकडी माडीवर राहायच्या हौसेने जाल आणि टाइल लावलेल्या खोलीत पडाल.
- माडीवर जायचा जिना कसा आहे? जुने जिने उभे आणि अरुंद असतात, काहींना कठड्याऐवजी दोर असतो. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर तळमजला मागा.
- संडास-न्हाणीघर खोलीला लागून आहे की चौकाच्या पलीकडे?
- जेवण घरचं मिळेल का, किती वाजता? पहाटे पाचला चहा मिळेल का?
- रात्री दिंडी (मोठ्या दारातलं धाकटं दार) किती वाजता बंद होते?
- गाडी कुठे लावायची? वाड्यांच्या बोळात चारचाकी शिरत नाही. गावाबाहेरच्या वाहनतळावर लावून सामान हातात घेऊन यावं लागतं.

खोलीचे आणि जेवणाचे पैसे वेगवेगळे विचारून घ्या. काही घरं ठरलेला दर सांगतात, काही ‘द्या तुमच्या इच्छेने’ म्हणतात. दुसऱ्या उत्तराने नवखा माणूस गांगरतो. सरळ म्हणावं, ‘गुरुजी, इतर लोक काय देतात ते सांगा, तेवढे देऊ.’ त्यात कुणालाही वाईट वाटत नाही.

येण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. घरात सोयर-सुतक आलं तर पाहुणे घेणं बंद होतं आणि ते ऐनवेळीच कळतं. म्हणून दुसरी सोय मनात धरून ठेवावी. देवस्थानाचा आणि गजानन महाराज संस्थानचा भक्तनिवास गावात आहे. तिथली शिस्त वेगळी असली तरी जागा स्वच्छ असते.

पोचणं

नाशिकहून त्र्यंबक २८ किलोमीटर. नाशिकरोड स्टेशन शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे तिथून जवळपास चाळीस पडतात. शहरातून एसटी आणि सिटीलिंकच्या बस दिवसभर असतात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. वाड्यातही प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. मुंबईकडून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी घोटीहून वैतरणामार्गे आलं तर नाशिक शहर टळतं. मात्र हा रस्ता अंधारात आणि धुक्यात त्रासाचा आहे, दिवसाउजेडी यावं.

पेट्रोल नाशिकलाच भरा. रोकड जवळ असू द्या, त्यातही दहा-वीसच्या नोटा. गावात यूपीआय चालतं, पाड्यावरच्या चहावाल्याकडेही कोड चिकटवलेला असतो, पण रेंज गेली की तो कागदच.

पहिल्या दिवशी दुपारी चारच्या आत पोचलात तर उत्तम. सामान टाकून कुशावर्त, देऊळ आणि बाजार अंधार पडायच्या आत होतो.

वाड्यात कसं राहायचं

मोठ्या दाराला पोटात धाकटी दिंडी असते, वाकून आत यावं लागतं. आत ओसरी, चौक, तुळशीवृंदावन, पलीकडे माजघर आणि देवघर. पाहुण्यांचा वावर ओसरी, चौक आणि आपली खोली एवढाच. स्वयंपाकघरात आणि देवघरात बोलावल्याशिवाय जायचं नाही. चपला-बूट दिंडीपाशीच ठेवायचे. ट्रेकिंगचे चिखलाचे बूट खोलीत नेले, की पहिल्याच दिवशी घरच्या काकूंच्या मनातून उतरलात म्हणून समजा. एक जुनी गोणी किंवा पिशवी आणा, बूट त्यात घालून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवा.

सकाळी गुरुजी सोवळ्यात असतात. त्यांच्या जवळून जाताना अंतर ठेवा, पाया पडायचं असेल तर लांबून नमस्कार करा. स्पर्श झाला तर त्यांना पुन्हा आंघोळ करावी लागते आणि बाहेर यजमान ताटकळतात. काही घरांत पाळीच्या दिवसांत बायकांनी वेगळं बसायची रीत अजून आहे. ते पटत नसेल तर वाड्यात जाऊन वाद घालण्यापेक्षा लॉज बरं. हे आधीच ठरवून जावं. मांसाहार, अंडी आणि दारू घरात आणणं अर्थातच नाही, बॅगेत लपवूनही नाही. विधीच्या पंगतीला कांदा-लसूण नसतो आणि पाहुण्यांनाही बहुधा तोच स्वयंपाक मिळतो : वरण-भात-तूप, दोन भाज्या, पोळी, कोशिंबीर. पंगतीत बसलात तर सगळ्यांचं वाढून होईपर्यंत हात लावू नका आणि सगळे उठल्यावरच उठा. पानात टाकायचं नाही. कमी घ्या, परत मागा.

आंघोळीचं पाणी हा वाड्यातला सगळ्यात नाजूक विषय. नव्या खोल्यांत गिझर असतो. जुन्या न्हाणीघरात कुठे कुठे अजून तांब्याचा बंब आहे. बंबाचा नियम साधा : जेवढं गरम काढलं तेवढं गार वरून ओतायचं. पाहुणे दोन बादल्या काढतात, भरत नाहीत, खाली निखारे तसेच राहतात. कोरडा बंब तापला की सांध्याचा डाग (झाळ) सुटतो आणि तो गळायला लागतो. माणशी एक बादली धरा. पहाटे साडेचार ते सहा पहिला मान विधीच्या यजमानांचा. तुम्ही पाचला डोंगरावर निघणार असाल तर तोंड धुऊन निघा आणि आंघोळ परतल्यावर करा. घामेजून आल्यावर ती लागतेच, आणि तोवर न्हाणीघरही मोकळं झालेलं असतं.

खोलीच्या दाराला बऱ्याचदा कडी-कोयंडा असतो, लॅच नसतं. म्हणून एक मध्यम आकाराचं कुलूप बरोबर असावं. ते विकत घ्यायला रात्री आठनंतर बाजारात फिरणारे बरेच दिसतात. शिवाय विजेरी, डासांचं मलम, कपडे वाळत घालायला आठ-दहा फूट दोरी आणि पावसाळ्यात जादा पंचा घ्या. लाकडी तक्तपोशीवर पावलं वाजतात. तुम्ही वर बॅग ओढली की खाली झोपलेल्यांना गाडी आल्यासारखं वाटतं. दिंडी साधारण दहाला बंद होते. त्यानंतर यायचं असेल तर आधी सांगून ठेवा.

नामावळी

वाड्यात उतरलाच आहात तर हे चुकवू नका. तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, त्यांना नामावळी म्हणतात. गाव आणि आडनाव यांप्रमाणे कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, वडील-आजोबांची नावं काय, हे त्यात नोंदलेलं असतं आणि खाली आलेल्या माणसाची सही. जुन्या नोंदी मोडी लिपीत सापडतात. तुम्ही उतरलात त्या घराकडेच तुमच्या गावची वही असेल असं नाही. घरोघरचे गाव-मुलूख वाटलेले असतात, म्हणून ‘अमुक गावचे तीर्थोपाध्ये कोण?’ असं विचारायचं. जाताना मूळ गाव, तालुका, आडनाव (बदललं असेल तर जुनं), आणि पणजोबांपर्यंतची नावं कागदावर लिहून न्या. नुसतं आडनाव सांगून भागत नाही. मुंबई-पुण्यात जन्मलेली मुलं मूळ गावाशी अडतात. आजीला फोन करून विचारून घ्या.

वेळ संध्याकाळची. गुरुजींना शोधायला अर्धा तास लागू शकतो, कधी सापडतही नाही. सापडलं तर फोटो विचारून काढावा, आपलं नाव आणि तारीख नोंदवून सही करावी, आणि दक्षिणा ठेवावी. ही दक्षिणा खोलीच्या भाड्यात धरायची नाही.

पहिली संध्याकाळ : कुशावर्त आणि गंगाद्वार

देऊळ नानासाहेब पेशव्यांनी काळ्या पाषाणात बांधायला घेतलं. पहाटे साडेपाच ते रात्री नऊ ते उघडं असतं. साध्या रांगेला गर्दीच्या दिवशी चार-पाच तासही लागतात, सशुल्क दर्शनाची वेगळी रांग आहे. मधल्या वारी रात्री साडेसातनंतर रांग आखूड होते. मुक्कामी माणसाला हाच मोठा फायदा, कारण दिवसाच्या सहलीवाले तोवर परत गेलेले असतात. पिंडीच्या जागी खळगा आहे आणि त्यात ब्रह्मा-विष्णू-महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगं. लांबून दिसायला नजर स्थिर करावी लागते, हे माहीत नसेल तर काहीच न दिसता पुढे ढकलले जाता.

कुशावर्ताच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. स्नान करायचं असेल तर दगडाला धरून, आणि साबण नाही.

उजेड शिल्लक असेल तर गंगाद्वाराला जा. ब्रह्मगिरीच्या अर्ध्या उंचीवर हे ठिकाण आहे, सुमारे सातशे बांधीव पायऱ्या, रमतगमत पाऊण तास. गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीच्या माथ्यावर मानतात, ती इथे दुसऱ्यांदा प्रकटते आणि मग खाली कुशावर्तात. जवळच्या कातळात १०८ शिवलिंगांची गुंफा आणि गोरक्षनाथांची गुंफा आहे. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह याच डोंगरात झाला असं वारकरी मानतात. दुसऱ्या दिवशीच्या चढाईसाठी पायांची तपासणीही होऊन जाते. इथेच धाप लागली तर उद्या गडाच्या टोकाच्या दुर्गभांडाराचा हट्ट नको.

दुसरा दिवस : ब्रह्मगिरी आणि दुर्गभांडार

ब्रह्मगिरी म्हणजेच त्र्यंबकगड. उंची समुद्रसपाटीपासून जवळपास १,३०० मीटर. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. उतारावर मेट नावाच्या वस्त्या दिसतात. मेट म्हणजे गडाच्या वाटेवरची चौकी, तिथल्या पहारेकऱ्यांच्या वंशजांची घरं आजही त्याच जागी आहेत.

पाचला उठा, चहा घेऊन साडेपाचला दिंडीबाहेर पडा. रात्रीच काकूंना सांगून ठेवा : ‘साडेबारापर्यंत येतो, उशीर झाला तर पान वाढू नका.’ हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. ते न सांगितल्यामुळे घरातली माणसं पाहुण्यांसाठी खोळंबतात, आणि तोंडाने कुणी काही बोलत नाही.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. वाटेत टपऱ्या आहेत, पण त्या आठनंतर उघडतात आणि आडवारी उघडतीलच असं नाही. खायला राजगिऱ्याची वडी, गूळ-शेंगदाणे, एखादी पोळीची गुंडाळी. सगळं सॅकच्या आत, चेन लावून. हातात पिशवी अजिबात नको. या गडावर माकडांचा उच्छाद आहे. पिशवीचा आवाज झाला की ती येतात, आणि प्लॅस्टिक दिसलं की झडप घालतात. ओढाताण करू नका, पायऱ्यांवर तोल जाऊन जास्त इजा होते. पिशवी सोडून द्यावी. हातात एक काठी असली की ती सहसा अंतर राखतात. चष्मा आणि मोबाइल सांभाळा.

गंगाद्वाराकडे जाणारा फाटा सोडून गडाची वाट धरली की थोड्या चढानंतर कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. पायऱ्या उंच आहेत, एकेक फुटाहून अधिक, आणि मधे कातळात कोरलेले दरवाजे. इथे सगळे घाई करतात आणि माथ्यावर पोचेपर्यंत मांड्या भरून येतात. शंभर पायऱ्यांमागे दोन मिनिटं उभं राहायचं असा नेम ठेवला तर दोन-सव्वादोन तासांत आरामात वर येता. माथ्यावर पोचल्यावर डावीउजवीकडे भटकण्याआधी मूळगंगेचं देऊळ आणि जटा मंदिर करून घ्या. शंकराने जटा आपटून गंगा मोकळी केली ती ही जागा, अशी श्रद्धा. ब्रह्मगिरीच्याच दुसऱ्या अंगाला वैतरणा नदीचा उगम आहे. एकाच डोंगराचं पाणी पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या समुद्राला जातं, ते इथे उभं राहिल्यावर नीट समजतं.

बहुतेक जण जटा मंदिरावरून परत फिरतात. खरा गड तिथून पुढे आहे. कड्याच्या काठाकाठाने आडवी पायवाट अर्ध्या-पाऊण तासात दुर्गभांडाराकडे नेते. ही वाट अरुंद आहे आणि एका बाजूला सरळ दरी. ती संपते तिथे कातळाच्या पोटात उतरणाऱ्या पायऱ्यांची खोल खाच लागते. खाली दरवाजा आहे, पण तो दगडमातीने निम्मा भरलाय, रांगत किंवा सरपटत बाहेर पडावं लागतं. सॅक आधी पुढे ढकला, मग आपण. बाहेर आलात की समोर कातळाची भिंत, जेमतेम दहा-बारा फूट रुंद, दोन्ही बाजूंना खोल दरी. ती ओलांडली की तसाच दुसरा रांगायचा दरवाजा आणि वर दुर्गभांडाराच्या पायऱ्या.

या भिंतीवर चालताना वारा हा एकमेव खरा शत्रू. वारा अंगाला ढकलतोय असं वाटलं, धुकं आलं किंवा कातळ ओला असला, तर अलीकडूनच परत फिरा. छत्री तर मुळीच उघडू नका. भिंतीवर उभं राहून फोटो काढायचा तर थांबून काढा, चालता चालता मोबाइलमध्ये बघू नका. उंचीची भीती वाटणाऱ्याला समजावून नेण्यात काही मजा नाही. त्याला खाचेच्या तोंडाशी सावलीत बसवा, तिथून दिसणारा देखावा तसाही फुकट जात नाही.

हिशेब असा : साडेपाचला निघून पावणेआठला माथा, देवळं करून साडेनऊला दुर्गभांडार, दहाला परत फिरून साडेबाराला वाडा. नऊला तुम्ही अजून जटा मंदिरातच असाल तर दुर्गभांडार सोडा किंवा पंगत सोडा. दोन्ही धरायला जाल तर उतरताना धावाधाव होते, आणि या गडावर पाय मुरगळतात ते उतरतानाच.

दुपारी झोपा.

हरिहर : तिसरा दिवस, आणि जेवणाला सुट्टी

हरिहर वाड्याच्या वेळापत्रकात बसत नाही. म्हणून आदल्या रात्री दुपारचं जेवण सरळ नाही म्हणून सांगा, किंवा पोळी-भाजीचा डबा मागा. दोन वाटा आहेत. हर्षेवाडी त्र्यंबकहून तेराएक किलोमीटर, त्या बाजूने चढ कमी. निरगुडपाडा जरा लांब, तिथून पायऱ्यांच्या तळापर्यंत तास-सव्वातास चाल. जाण्या-येण्याची गाडी ठरवूनच जा. दुपारी परतायला जीप मिळेल या भरवशावर गेलेले लोक रस्त्यात हात दाखवत उभे दिसतात. पाड्यावर उतरल्यावरच जेवणाचं सांगून ठेवलंत तर नागलीची भाकरी, झुणका आणि ठेचा तयार मिळतो.

वनखात्याची प्रवेशफी आहे आणि गर्दीच्या दिवसांत संख्येवर मर्यादा येते, कधी गड बंदही ठेवतात. गाडी ठरवण्याआधी चौकशी करा.

गडाची ख्याती त्या उभ्या कातळातल्या पायऱ्यांसाठी. उतार ऐंशी अंशांच्या आसपास, शंभरावर पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना हात रुतवायला खोबणी. चढणं फारसं अवघड नाही. खोबणीत बोटं घट्ट रुतवा, एका वेळी एकच हात किंवा पाय हलवा, पुढच्या माणसात चार पायऱ्यांचं अंतर सोडा. उतरताना तोंड कातळाकडे आणि पाठ दरीकडे, शिडी उतरतो तसं. तोंड दरीकडे करून बसत बसत उतरणारे मधेच अडकतात, कारण त्यांची सॅक मागच्या पायरीला टेकून त्यांना पुढे ढकलते. सॅक लहान ठेवा, बाटली बाहेर लटकवू नका, ट्रायपॉड घरी. दरवाजातून पुढे कातळातली आडवी वाट वाकून जावी लागते, मग पुन्हा पायऱ्या. माथ्यावर तळं, देवळं आणि खिडकीएवढ्या दारातून आत शिरावं लागणारी दगडी कोठी आहे.

खरा धोका गर्दीचा. शनिवार-रविवारी याच एका वाटेवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात आणि माणसं कातळाला चिकटून अर्धा तास उभी राहतात. हाताला मुंग्या येतात, घाबरलेलं एखादं माणूस रडायला लागतं आणि सगळी रांग थिजते. सातच्या आत पायऱ्यांशी असाल तर हे टळतं. आग्या मोहोळं कड्यात असतात, म्हणून अत्तर-डिओ नको, धूर नको, आरडाओरडा नको. दहा वर्षांखालच्या मुलांना या पायऱ्यांवर नेऊ नये.

अंजनेरी

तीन दिवसांऐवजी दोनच असतील तर हरिहर सोडून अंजनेरी करा. नाशिकच्या वाटेवरच आहे, अंजनेरी गावातून वनखात्याच्या चौकीपर्यंत गाडी जाते. तिथून पायऱ्या, वाटेत जैन लेणी, तास-सव्वातासात पठार. अंजनीमातेचं देऊळ आणि तळं बघून पुन्हा एक चढ चढलात की हनुमानाच्या जन्मस्थानाचं देऊळ. नवखे लोक पहिल्या देवळालाच शेवट समजून परत येतात.

पठारावर मळलेली वाट सोडू नका. इथे कंदीलपुष्पाची एक जात वाढते, तिचं शास्त्रीय नावच या डोंगरावरून पडलंय. ऑगस्ट-सप्टेंबरात ती फुलते आणि गवतात इतकी बारीक दिसते की रील काढणाऱ्यांच्या बुटाखाली जाते. कड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, ड्रोन उडवू नका. पायथ्याच्या गावात यादवकालीन देवळांचे अवशेष आहेत आणि जवळच नाणेशास्त्राची संशोधन संस्था. पाय थकलेल्या मंडळींना वर न नेता इथे सोडलं तरी त्यांचा वेळ चांगला जातो.

पावसाळ्यात

नाशकात रिमझिम असली तरी त्र्यंबकला धो-धो असू शकतो. नाशिकचं आभाळ बघून निघू नका, गुरुजींना फोन करून विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये वाड्याची कौलं एखाद्या कोपऱ्यात ठिबकतातच. गादी सरकवायची, बादली ठेवायची आणि झोपायचं. कपडे दोन दिवस वाळत नाहीत, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा.

या दिवसांत दुर्गभांडार आणि हरिहरच्या पायऱ्या नकोतच. गंगाद्वारापर्यंत जावं, फार तर उघडीप बघून ब्रह्मगिरीच्या देवळांपर्यंत. दुगारवाडीच्या धबधब्याला जाताना नदीचं पात्र ओलांडावं लागतं. वरच्या डोंगरात सर आली की तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी मिनिटांत चढतं आणि परतीची वाट बंद होते. माणसं यात अडकलीत आणि वाहूनही गेलीत. पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा काटक्या-पाला वाहत येताना दिसला, की आवराआवर न करता लगेच पात्राबाहेर. पलीकडच्या काठाला अडकलात तर पाणी उतरेपर्यंत थांबा, ओलांडू नका. पहिने गावाच्या बाजूला पावसाळी रविवारी पोलिसांचा बंदोबस्त असतो आणि कधी पूर्ण बंदीही.

गवतात फुरसं आणि घोणस असतात. बूट घाला, घोट्यावर येणारे. दंश झालाच तर चिरणं, आवळून बांधणं, गावठी औषध काही नको. माणसाला कमीत कमी हलवत खाली आणा, १०८ ला फोन करा. रेंज बहुतेक उतारांवर येते-जाते, म्हणून शेवटची रेंज कुठे होती ते चढताना ध्यानात ठेवा.

निघताना

खोली आणि जेवणाचा हिशेब गुरुजींकडे किंवा ज्यांनी फोन घेतला होता त्यांच्याकडे, दुपारच्या पंगतीआधी किंवा संध्याकाळी. सोवळ्यात असताना पैसे पुढे करू नका, ओसरीवर ठेवून सांगा. धुणी-भांडी करणाऱ्या मावशींना वेगळे द्या, थेट त्यांच्या हातात. गादीवरची चादर घडी करून ठेवा, बादली पालथी घाला, बंबात पाणी आहे ना बघा. एसटीने परतणार असाल तर शेवटच्या गाडीची वेळ स्थानकावर जाऊन बघा. रविवारी संध्याकाळी तीही भरून येते, म्हणून त्याआधीच्या दोन गाड्या सोडू नका.